पुंगळी किती लांब पडावी

रायफल चांगली की वाईट, हे मी वर्षानुवर्षं पुंगळीवरून ठरवत आले. गोळी झाडली, बोल्ट मागे ओढला आणि रिकामी पुंगळी टणकन उजवीकडे लांब जाऊन पडली, की रायफल ठणठणीत. पुंगळी तिथल्या तिथे लोळली किंवा काडतूस ठेवायच्या खाचेतच पडून राहिली, की रायफलीत बिघाड, आणि तो बिघाड पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा. या मतावर मी इतकी ठाम होते की रेंजवर दुसऱ्यांनाही तेच सांगायची. आज मी ते मत सोडलं आहे. का सोडलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण नव्याने रायफल हातात घेणारी पोरं मला अजूनही माझीच जुनी वाक्यं ऐकवतात.

हे मत मला मिळालं बेळगावात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर असलेलं गाव. कॉलेजात एनसीसी घेतली नाही असं घर आमच्या गल्लीत विरळाच. फायरिंगच्या दिवशी आडवं पडून पॉइंट टू टू रायफल खांद्याला लावायची, हुकूम झाला की भरायची, हुकूम झाला की खाली करायची. शेवटी सगळी खोकी, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, वेचून, मोजून परत द्यायची. एक जरी कमी भरलं तरी गवतात गुडघ्यांवर रांगत शोधायचं. अशा ठिकाणी पुंगळी डोळ्यांसमोर स्वच्छ उडालेली दिसणं मोठ्या सुखाचं असे. उस्ताद लोकही तेच म्हणत: खोकं उडालं म्हणजे हत्यार तब्येतीत. त्या रायफली जुन्या होत्या, शेकडो हातांखालून गेलेल्या होत्या, आणि त्यांच्यातली जी पुंगळी उडवत नसे ती खरोखरच दुरुस्तीला जाई. त्यामुळे त्या मताला तिथे आधारही होता.

पुढे नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि जे. पी. नगरात स्थिरावले. 2010 साली म्युनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे आडवं पडून झाडायच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा सुटलेली नेमबाजी पुन्हा धरायची असं मी ठरवलं. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले पात्रता गुण मिळवले की कायद्याच्या भाषेत नेमबाज ‘रिनाउन्ड शॉट’ होतो आणि स्वतःची स्पर्धेची रायफल बाळगायची वाट त्याला मोकळी होते. त्या वाटेने माझ्याकडे एक परदेशी बनावटीची, एकेक काडतूस हाताने भरायची .22 रायफल आली. शेजारपाजाऱ्यांना ती लांबलचक पेटी बघून सुरुवातीला धसका बसे. मला त्यांचं वावगं वाटलं नाही. ज्या जयप्रकाशांच्या नावाने ही वसाहत आहे, त्यांच्यासमोर 1972 मध्ये चंबळच्या बागींनी बंदुका खाली ठेवल्या होत्या. इथे राहून पेटी घेऊन निघताना मला ते आठवतंच. नेमबाजी हा खेळ आहे हे शेजाऱ्यांना पटवायचं तर हत्यार नियमात, स्वच्छ आणि ताब्यात असलं पाहिजे, एवढं मी त्यातून घेतलं.

काही हंगाम रायफल उत्तम चालली. मग पुंगळ्या मलूल पडू लागल्या. आधी एखादी खाचेच्या काठावर अडखळे, मग दिवसागणिक जास्त. बोल्ट मागे ओढावा तर पुंगळी बोल्टच्या तोंडाशी लटकलेली, किंवा खाचेत आडवी. ती बोटाने काढायची म्हणजे हाताची ठेवण मोडते. प्रोनमध्ये स्लिंग आवळून, कोपर रोवून, श्वास जमवून बसवलेली सगळी घडी विस्कटते. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं, 50 मीटरवर. घडी विस्कटल्यावर त्यात गोळी बसवणं म्हणजे दर वेळी नव्याने सुरुवात.

मी तेव्हा जे केलं ते माझ्या मताला धरूनच होतं. पुंगळी जोरात फेकायची तर जोर वाढवायचा. इजेक्टर तपासला, तो घट्ट होता. मग पुंगळीची कड, म्हणजे रिम, पकडून तिला मागे ओढणाऱ्या आकड्यांची स्प्रिंग कडक बसवून घेतली. पुंगळ्या थोड्या लांब जाऊ लागल्या खऱ्या, पण बोल्ट बंद करायला जड झाला. अशा रायफलीत काडतूस चेंबरमध्ये गेल्यावर बोल्ट मिटताना आकड्यांना रिमवरून चढून पलीकडे बसावं लागतं. स्प्रिंग जितकी ताठ, तितका तळहाताचा रेटा जास्त, आणि तो रेटा खांद्यापर्यंत जाणवतो. माझी नेमाची रेषा प्रत्येक काडतुसागणिक हलू लागली. पुंगळी उडत होती आणि गुण घसरत होते. तरी मी म्हणत होते, इजेक्टर बदलू, मग स्प्रिंग पुन्हा मऊ करू.

मला थांबवलं ते आमच्या ओळखीच्या एका काकांनी. तेही बेळगावचेच, फौजेतून आर्मरर म्हणून निवृत्त झालेले, मुलाकडे पुट्टेनहळ्ळी तळ्याच्या बाजूला राहतात. संध्याकाळी तळ्याकाठी फेऱ्या मारताना मी त्यांना सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी एकच विचारलं, “इजेक्टर बघालीस, पकड बघितलीस काय?”

पुढच्या रविवारी ते घरी आले. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, रायफल जेवणाच्या टेबलावर उघडी, बोल्ट बाहेर काढलेला. काका समोरच्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसले आणि शेवटपर्यंत त्यांनी रायफलीला बोट लावलं नाही. परवाना माझ्या नावावर आहे, हे ते एकदाही बोलले नाहीत, पण त्या मांडीवरच्या हातांतून मला ते कळलं. त्यांनी फक्त सांगायचं आणि मी करायचं.

आधी त्यांनी मला थ्री नॉट थ्री समजावून सांगितली. त्या रायफलीत इजेक्टर म्हणजे मोठं यंत्र नव्हेच. बॉडीच्या डाव्या भिंतीत बसवलेला एक छोटासा स्क्रू. उजवीकडे बोल्टहेडवर आकडा, त्याला ताणून धरणारी व्ही आकाराची पातळ स्प्रिंग. आकडा रिमला पकडून पुंगळी मागे ओढतो, डावी भिंत तिला उजवीकडे ढकलते, आणि शेवटी तो स्क्रू लागतो. “तो स्क्रू नसला तरी बऱ्याचदा खोकं बाहेर पडतंय की,” काका म्हणाले, “पण ती स्प्रिंग बसली ना पोरी, मग स्क्रू सोन्याचा लाव. काय बी होणार नाही.” त्यांच्याकडे पुंगळी पडत नाही म्हणून आलेल्या रायफलींत ते आधी आकडा आणि त्याची स्प्रिंग बघत, स्क्रूकडे शेवटी.

माझं मत तिथे, त्या टेबलाशीच हललं. पुंगळी उडते ती नुसत्या टोल्यामुळे नव्हे. दार बिजागरीवर फिरतं तशी ती उजव्या आकड्यावर फिरते. इजेक्टर तिला डाव्या बाजूने टेकतो, आकडा उजवी बाजू धरून ठेवतो, म्हणून तिचं तोंड उजवीकडे वळतं आणि ती बाहेर फेकली जाते. बिजागरीच ढिली असेल तर टोला कितीही नेमका असो, पुंगळी आकड्यातून निसटून खाली पडते. मी इतकी वर्षं टोल्याकडे बघत होते आणि पकडीचा विचार मनात आलाच नव्हता.

काकांनी मला घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायला सांगितलं. उजव्या आकड्याच्या मागे, जिथे तो आत दबायला जागा असते, त्या फटीत काळा, चिकट थर गच्च भरला होता. .22च्या काडतुसाची शिशाची गोळी बाहेरून मेणाने माखलेली असते. ते मेण, जळलेल्या दारूची काजळी आणि रिमवरून खरवडलेले पितळेचे बारीक कण एकत्र येऊन फटीत बसतात. वरून बोल्ट चकचकीत दिसत होता. दर वेळी मी तो पुसतही होते. पण फडकं त्या फटीत जात नाही. लाकडी दातकोरणीने मी तो थर उकरला. काळ्या वड्या निघाल्या, आणि त्यात सोनेरी चमकणारे पितळेचे तुकडे स्पष्ट दिसले. मग नायलॉनचा ब्रश, थोडं सॉल्व्हंट, कापूस, पुन्हा दातकोरणी. इतका वेळ आकडा पूर्ण आत-बाहेर करतच नव्हता. तो त्या थरावर टेकून अर्धवट उघडा राहत होता. त्याला ताठ स्प्रिंग लावून मी अर्धवट पकडच जोरात दाबत होते.

साफ झाल्यावर काकांनी एक साधी परीक्षा करायला लावली. जुनी स्प्रिंग परत बसवायची, एक झाडलेली पुंगळी घ्यायची, तिची रिम आकड्यांखाली सरकवायची आणि बोल्ट आडवा, उभा, उलटा धरायचा. पुंगळी लोंबली नाही पाहिजे. ती बोल्टच्या तोंडाशी सरळ बसून राहिली. डाव्या आकड्याबद्दलही त्यांनी सावध केलं. पुष्कळशा .22 रायफलींत दोन आकडे दिसतात, पण खेचणारा उजवा. डावा पुंगळीला नुसता आधार देतो आणि ऐनवेळी त्याने तिला सोडायचं असतं. म्हणून त्याची धार बोथट असते. साफ करताना दोघांची अदलाबदल झाली, तर चांगल्या सुट्या भागांनिशी रायफल पुंगळी सोडेनाशी होते. मी तेव्हापासून उजवा आणि डावा वेगवेगळ्या वाटीत ठेवते.

झाडलेल्या पुंगळ्या टाकून देण्याआधी बघायच्या असतात, हेही मी तेव्हा शिकले. पुंगळी 15.6 मिलिमीटर लांब, रिम जेमतेम 7 मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरभर जाड. पण त्या एवढ्याशा कडेवर सगळी हकिकत उमटलेली असते. फायरिंग पिनचा ठसा, आकड्याची खूण, इजेक्टर लागल्याचा ओरखडा. माझ्या डब्यातल्या जुन्या पुंगळ्यांवर आकड्याच्या जागी एका ठिकाणी दाबलेली खूण नव्हती. रिमच्या बाहेरपर्यंत घसरत गेलेली चमकदार रेघ होती. आकडा पकडून सुटत होता, याचा पुरावा माझ्याच डब्यात साठत गेला होता.

घसरण्याचं अर्धं कारण चेंबरमध्येही होतं. पुंगळीच्या तोंडाशी, नळी सुरू होते तिथे, काजळीचं एक कडक वलय तयार होतं. गोळी झाडल्यावर पुंगळी फुगते, त्या वलयात चिकटते आणि निघताना हट्ट करते. ती ओढायला आकड्याला जास्त जोर लागतो आणि ढिली पकड तिथेच निसटते. मागच्या बाजूने, रॉडला गाइड लावून, सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी चेंबरमध्ये थोडा वेळ ठेवून मग ते वलय ब्रशने सोडवलं. घाईने खरवडायचं नसतं. चेंबरला एकदा ओरखडा गेला की पुंगळी तिथे कायमची अडू लागते. यापुढची पायरी, म्हणजे आकड्याची धार कानशीने सुधारणं, काकांनी मला करू दिली नाही. धार गोलावली असेल तर नवा आकडा मागवायचा किंवा परवाना असलेल्या कारागिराकडे जायचं. त्या टोकावर एकदा जास्तीची कानस फिरली की परत येत नाही.

एवढ्यावर मी म्हणू शकले असते की बिघाडाचं कारण कळलं, काम झालं. पण मत बदललं ते पुढच्या काही महिन्यांत, आणि त्यात माझ्या हाताचा वाटा होता. माझ्या रायफलीत इजेक्टर जागेवर स्थिर आहे; त्याला स्वतःचा जोर नाही. बोल्ट ज्या वेगाने मागे येतो, त्याच वेगाने पुंगळी त्याच्यावर आपटते. प्रोनमध्ये मी बोल्ट जपून उघडते, कोपर हलू नये म्हणून. म्हणजे पुंगळी हळू आपटणार आणि जवळच पडणार. तो दोष नाही, ती माझ्या हाताची गती आहे. रायफल अगदी निरोगी असताना, सावकाश उघडलेल्या बोल्टमधून पुंगळी हातभर अंतरावर पडली, तर ती बरोबरच पडली. ही गोष्ट मान्य करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण लांब उडणारी पुंगळी बघण्याची माझी हौस जुनी होती.

1 ऑगस्ट 2024ला फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर 50 मीटर थ्री पोझिशन्सची ऑलिम्पिक अंतिम फेरी झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिच्यात कांस्यपदक जिंकला, 451.4 गुणांनी. दीपाली देशपांडे त्याची प्रशिक्षक. घरात सगळे गुणफलकाकडे बघत होते. मी नेमबाजांच्या उजव्या हातांकडे बघत होते. गुडघ्यावर, आडवं, उभं, तिन्ही ठेवणींत बोल्ट उघडायची आणि मिटायची क्रिया किती शांतपणे चालते ते बघत होते. झाडण्याआधीच्या श्वासाइतकीच ती क्रिया त्या ठेवणीचा भाग असते. पुंगळी बाहेर गेली पाहिजे, दर वेळी, आणि पुढच्या काडतुसाच्या वाटेत आली नाही पाहिजे. ती किती लांब गेली याची तिथे कुणाला फिकीर असण्याचं कारण नाही. उलट आमच्या रेंजवर शेजारच्या लेनमध्ये झोपलेल्या मुलीच्या कॉलरमध्ये गरम पुंगळी गेल्याचं मी पाहिलं आहे. तिचा तो नेम आणि पुढचे कित्येक नेम गेले.

म्हणून आता माझी मागणी बदलली आहे. मला पुंगळीचा जोर नको, भरवसा हवा. हलक्या हाताने उघडली तरी बाहेर, झटक्याने उघडली तरी बाहेर. आणि दर वेळी साधारण त्याच जागी. ती जागा हळूहळू जवळ येऊ लागली, म्हणजे फटीत मेण साठू लागलं, हे मला आता गुण घसरायच्या आधीच कळतं. काडतुसाचा प्रकार बदलला की मेणही बदलतं. पहाटे रेंजवर गारठा असतो तेव्हा ते जास्त घट्ट राहतं. डिसेंबर-जानेवारीत मी आकड्यांची फट जास्त वेळा साफ करते. स्प्रिंग बदलायचा विचार सगळ्यांत शेवटी.

रेंजवरच्या पोरांना मी हल्ली आधी विचारते: शेवटचं चेंबर साफ कधी केलंस? भिंगातून आकडा बघितलास? झाडलेली पुंगळी दाखव. आणि एक गोष्ट दरडावून सांगते. पुंगळी आत अडकली असेल तर तिच्यामागे दुसरं काडतूस रेटायचं नाही. .22मध्ये पेटणारं मिश्रण रिमच्या आतच असतं. रिम चेपली तर बोल्ट पूर्ण मिटायच्या आधी काडतूस उडू शकतं. नळी लक्ष्याकडे ठेवायची, बोट चापापासून दूर, हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून केशरी सेफ्टी फ्लॅग घातल्याशिवाय साफसफाईची गोष्टच काढायची नाही.

मत बदललं म्हणून मी ते सरसकट सगळ्या रायफलींना लावत नाही, आणि काकांशी माझा या बाबतीत अजून वाद चालतो. मोठ्या काडतुसांच्या बऱ्याच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींत इजेक्टर बोल्टच्या तोंडातच, स्प्रिंगवर बसवलेल्या खुंटीसारखा असतो. तिथे हाताची गती फारशी मोजत नाही. खुंटी स्वतः ढकलते. अशी रायफल पुंगळी मलूल टाकू लागली, तर त्या खुंटीच्या भोकात पितळेचा चुरा अडकून ती जाम झाल्याचा किंवा तिची स्प्रिंग थकल्याचा संशय आधी घ्यावा लागतो, म्हणजे माझं जुनं मत तिथे बऱ्यापैकी टिकतं. काका म्हणतात, तिथेही आधी आकडा. मी म्हणते, खुंटी नखाने दाबून बघा, ती परत उसळी घेते का; मग आकडा. आणि जिथे मॅगझिनमधून पाठोपाठ काडतुसं वर येत असतात, त्या रायफलीत पुंगळी जवळ पडून चालत नाही. वाटेत राहिलेली एक पुंगळी पुढचं काडतूस अडवते आणि ते हत्यार घटकाभर लाकडाचं होतं. थ्री नॉट थ्रीबद्दल बेळगावच्या उस्तादांनी जे सांगितलं असतं, त्यात मी आजही एक शब्द बदलणार नाही: पुंगळी उडालीच पाहिजे, आणि लांब उडाली पाहिजे.